आज किती फूट?

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. पुण्यातल्या ज्या कॅफेत बसून मी कॉपी पाडते, तिथलं सगळं पब्लिक मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलं असतं. कुणी मल्टिप्लेक्सची तिकिटं बघतंय, कुणी लोणावळ्याचं रिसॉर्ट. मीही मोबाइलच बघत असते. फक्त माझ्या स्क्रीनवर लिहिलेलं असतं : 'आयर्विन पूल, सांगली - 16 फूट 3 इंच.'

'हे काय, शेअर मार्केट?' एका मैत्रिणीने विचारलं.

'नाही गं. मासे पकडायला जायचं की नाही, ते बघतेय.'

तिने कॉफी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट निरखून बघितलं. काळजीने!

तर मंडळी, फंडा सिम्पल आहे. नदीचं पाणी किती आहे आणि ते कुठे चाललंय हे कळलं, तर मासा गळाला लागेल की नाही याचा अंदाज बांधता येतो. अमेरिकेतले गळवाले हे नेहमी करतात. तिथे सरकारने नदीवरचं पहिलं मोजणी केंद्र 1889 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो गावी सुरू केलं. आज अशा हजारो केंद्रांचे आकडे घरबसल्या दिसतात आणि ट्राउटवाले ते बघूनच गाडी बाहेर काढतात.

आपल्याकडे? आपल्याकडे आयर्विन आहे ना! 1929 मध्ये बांधून झालेला हा पूल म्हणजे सांगलीकरांचा थर्मामीटर. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. हे दोन आकडे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात.

मलाही होते, पण वेगळ्या कारणाने. ऑगस्ट 2019 मध्ये मी पुण्यात मास कॉमला होते. आई फोनवर फक्त आकडे सांगायची. 'पंचेचाळीस झालं.' 'पन्नास झालं.' पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं. हायवे बंद, मी इकडे, घर पाण्यात. 2021 च्या जुलैत पुन्हा आकडा पन्नाशी ओलांडून गेला. त्यानंतर 'आज किती फूट?' हा प्रश्न ऐकला तरी पोटात गोळा यायचा.

त्या आकड्याशी माझी दोस्ती करून दिली ती कराडच्या मामाने. मामाकडे बांबूची काठी, माझ्याकडे ऑनलाइन मागवलेलं चकाचक रीळ. मासे अर्थातच मामाला मिळतात. मी पहिल्यांदा मोठ्या ऐटीत त्याला फूट-इंच वाचून दाखवले, तर म्हणाला, 'आकडा किती हाय ते नगं सांगू पोरी. चढतोय का उतरतोय, ते सांग.'

बस्स, सगळी विद्या या एका वाक्यात आहे. पाणी झपाट्याने चढत असेल तर ते लाल, गढूळ असतं. लाकडं, कचरा, जलपर्णी वाहून येते. गळ कुठे जातो ते कळत नाही आणि माशालाही आमिष दिसत नाही. तो धार टाळून काठाच्या आडोशाला जातो. पाणी उतरायला लागलं, दोन-तीन दिवस हळूहळू उतरत राहिलं आणि रंग निवळला, की मासा पुन्हा खायला बाहेर पडतो. तेव्हा पिठाचा गोळा लावा, नाहीतर गांडूळ. आणि हो, पहिल्या पावसात चढणीचे मासे दिसले तरी मामाची काठी खुंटीलाच. 'पोटात अंडी असत्यात,' एवढंच तो म्हणतो.

आता दुसरा धडा. हा मी स्वतःची फजिती करून शिकले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही पाटण आणि कराडच्या मध्ये कोयनेच्या पात्रात एका खडकावर बसलो होतो. आयर्विन दोन दिवस उतरत होतं, म्हणून मी निवांत. मामाने विचारलं, 'कोयनेचं बघितलंस?' नव्हतं बघितलं. मोबाइल काढला. सकाळीच बातमी येऊन पडली होती : पायथा वीजगृहातून 2100 क्युसेक विसर्ग सुरू. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. म्हणजे दर सेकंदाला जवळपास साठ हजार लिटर पाणी आमच्या दिशेने निघालं होतं! मामाने एका शब्दाने न रागावता काठी गुंडाळली. आम्ही काठावर येऊन चहा प्यायलो आणि चहा संपेपर्यंत आमचा खडक दिसेनासा झाला. माझी चप्पल तिथेच राहिली होती. ती गेली कृष्णेला भेटायला.

चूक साधी होती. आयर्विन आमच्या खूप खाली. कोयनेचं पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि मग बहे, ताकारी, भिलवडी करत सांगलीला पोचतं. तुमच्या खालचा आकडा म्हणजे कालची गोष्ट, वरचा आकडा म्हणजे उद्याची. पाटबंधारे खात्याच्या पावसाळी पत्रकात हे सगळे पूल ओळीने दिलेले असतात. सांगलीत बसणार असाल तर भिलवडी बघा, कराडला बसणार असाल तर कोयना आणि धोम. वर चढतंय? मग पात्रात उतरायचंच नाही. मासा काय, पुढच्या रविवारीही असतो. आणि धरणाच्या जलाशयात मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा तिथे आधी विचारा, मग गळ टाका.

मामाने मला मासे पकडायला शिकवलं असं घरचे म्हणतात. मला वाटतं, त्याने मला नदीकडे परत बघायला शिकवलं. आकडा तोच आहे. पूर्वी तो फक्त भीती सांगायचा, आता कधीकधी रविवारही सांगतो.

आईला मात्र हे पटायला वेळ लागला. पुरानंतर ती घाटाकडे फिरकायचीच नाही. गेल्या पावसाळ्यानंतर एका शुक्रवारी तिचा फोन आला. मी नेहमीप्रमाणे विचारणार, इतक्यात तीच म्हणाली, 'पुलावर जाऊन बघून आले. चौदा. उतरतंय गं. येतीस?'