सूर यंत्रात उपजतो, पण बाहेर कसा यावा?

सन २०१६ पासून सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा शाळाशाळांतून निघू लागल्या आणि ज्यांना त्या लाभल्या नाहीत अशा शाळांनीही पदरमोड करून मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आणविले. आमच्या विज्ञानमंडळाच्या कपाटातही असे चार बोर्ड आहेत. त्यांवर रंगीत दिवे लुकलुकविण्याचा खेळ आठ दिवसांत जुना होतो. मग कोणी तरी म्हणतो, यातून सूर काढू या, आपला सिंथेसायझर आपणच करू या. गतवर्षी आमच्या मंडळात असाच प्रस्ताव निघाला व त्यावरून दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, काही शे रुपयांत डीएसीचा तयार बोर्ड मिळतो, तो आणा, तीन तारा जोडा, मोकळे व्हा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, आधी उघड्या पिनेतूनच आवाज काढून पाहावा. आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहोत, आणि असे का, ते येथे मांडण्याची परवानगी वाचकांपाशी मागतो.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहिले पाहिजे. सूर म्हणजे हवेच्या दाबाची चढउतार. ती आकड्यांत लिहून सेकंदाला सोळा हजारांवर आकडे तयार करणे हे मायक्रोकंट्रोलरला जड नाही. आर्डुइनो उनो या परिचित बोर्डावरील एटीमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झ गतीने चालते, म्हणजे एका आकड्यामागे तिला जवळजवळ हजार ठोक्यांची सवड मिळते. घोडे अडते ते दाराशी. त्या चिपेच्या पिनेस दोनच गोष्टी ठाऊक आहेत, ५ व्होल्ट किंवा शून्य. मधला सव्वादोन किंवा साडेतीन व्होल्ट देणारा डीएसी तिच्या अंगी नाही. मग दोन टोकांच्या मधली वळणदार लाट आणावी कोठून?

युक्ती जुनी आहे आणि आम्हांस ती फार आवडते. नळाची तोटी एक तर पुरी उघडी, नाही तर पुरी बंद, अशीच असेल, तर मध्यम धार कशी मिळवावी? तोटी भराभर उघडझाप करावी आणि खाली तळाशी भोक असलेला रांजण ठेवावा. उघडी अधिक वेळ ठेवली की रांजणातील पातळी चढते, कमी ठेवली की उतरते. भोकातून पडणारी धार मात्र झटके न देता पडत राहते. पिनेच्या या उघडझापीस पीडब्ल्यूएम म्हणतात. अरुंद नळीचे काम रेझिस्टर करतो व रांजणाचे कपॅसिटर.

आता आमच्या फजितीची हकीकत. गतवर्षी आम्ही आर्डुइनोची नेहमीची ‘ॲनालॉगराइट’ ही आज्ञा वापरून मोठ्या उमेदीने सारेगम लिहिले. स्पीकरमधून सारेगम आलेही, परंतु त्यावर एक न थांबणारी पिपाणी! सा वाजवा, प वाजवा, पिपाणी आपल्या जागी कायम. पेटीवर ताडून पाहिले तो ती पांढरी सातच्या अगदी जवळ भरली. तेव्हा उलगडा झाला. त्या आज्ञेने पिनेची उघडझाप बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळाच होते, आणि ४९० हर्ट्झ हा स्वतःच एक खणखणीत सूर आहे. तोटीचीच खडखड आम्ही ऐकत होतो.

उपाय गणितात सापडला. १,६०,००,००० ठोक्यांस २५६ पायऱ्यांनी भागले म्हणजे ६२,५०० येतात. टायमरची मांडणी बदलून उघडझाप त्या गतीस नेली, की ती मानवी कानाच्या २०,००० हर्ट्झच्या मर्यादेपलीकडे जाते. (पाच व सहा क्रमांकांच्या पिनांचा टायमर मात्र छेडू नये, बोर्डाचे घड्याळ त्याच्यावर चालते. आम्ही नऊ क्रमांकाची पिन घेतली.) पुढे १ किलोओहमचा रेझिस्टर व २२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर डाख देऊन जोडला. ही जोडी सुमारे ७,२०० हर्ट्झपर्यंतचे सूर बहुतांशी जाऊ देते आणि ६२,५०० ची खडखड सुमारे नऊपट दाबते. पिपाणी गेली. वर्गात जो आनंद झाला तो तयार बोर्डाने झाला असता काय?

त्याच आनंदाच्या भरात एकाने स्पीकरची तार सरळ पिनेला लावली आणि ती पिन कायमची मुकी झाली. दोष त्याचा नव्हे, आमचाच. ओहमचा नियम शिकविला होता, पण तो येथे लावून दाखविला नव्हता. ८ ओहमचा स्पीकर ५ व्होल्टांवर ६२५ मिलिअँपिअर मागतो. पिनेची कमाल मर्यादा ४०. म्हणून मधे एलएम३८६ सारखा ॲम्प्लिफायर हवा, त्याच्याआधी स्थिर विद्युद्दाब अडविणारा कपॅसिटर हवा, आणि तो ॲम्प्लिफायर आवाज निदान वीसपट वाढवितो म्हणून त्याच्या दारी आवाज कमी करणारे बटणही हवे.

प्रतिपक्षाचे एक म्हणणे खरे आहे व ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. २५६ पायऱ्या थोड्या आहेत. तंबोऱ्याची तार छेडल्यावर सूर विरत जातो, त्याचा जोर सोळाव्या हिश्श्यावर आला की लाटेस सोळाच पायऱ्या उरतात, आणि ज्या क्षणी सूर सर्वांत मृदू असावयाचा त्याच क्षणी तो खरखरू लागतो. पायऱ्या वाढवाव्यात तर उघडझाप मंदावते, कारण दोहोंचा गुणाकार घड्याळाच्या ठोक्यांहून अधिक होऊ शकत नाही. दोन पिना घेऊन, एकीच्या वाटेत दुसरीच्या १२८ पट रेझिस्टर घालून, चौदा बिटांची सूक्ष्मता मिळविता येते. मोझी नावाच्या प्रोग्रॅम-संग्रहात ही सोय आहे. तथापि सभेपुढे वाजवावयाचे वाद्य असेल तर पीसीएम५१०२ सारखा सोळा बिटांवरचा डीएसीच घ्यावा, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो कशापासून आरंभ करावा याचा.

कारण तयार बोर्ड खरखरला तर विद्यार्थी दुसरा तयार बोर्ड मागतो. ज्याने पिपाणी ऐकली, पेटीवर ताडली व भागाकार करून घालविली, तो प्रथम विचारतो की ही खरखर कोणत्या गतीची आहे. आणि हा मार्ग काही क्षुद्र नव्हे. पुढे सीएसआयरॅक या नावाने प्रसिद्ध झालेल्या संगणकाने १९५१ साली सिडनी येथे लोकांस जे संगीत ऐकविले, ते प्रोग्रॅम कोठवर आला हे कळावे म्हणून बसविलेल्या स्पीकरला विजेचे ठोके पाठवूनच. १९७७ च्या ॲपल टू मध्येही स्पीकरसाठी एकच बिट होता.

आणखी एका कारणास्तव हे वाद्य आपल्याकडील मुलांनी स्वतः करावे असे आम्हांस वाटते. २४० हर्ट्झचा सा धरला तर शुद्ध गंधार ३०० वर बसतो. समान अंतरांच्या पद्धतीने जुळविलेली पेटी मात्र तो ३०२.४ ला देते, आणि सा-ग एकत्र धरले की सूर सेकंदाला नऊ-दहा वेळा थरथरतो. आपल्या प्रोग्रॅममध्ये गंधार हा एक आकडा आहे. तो हवा तेथे ठेवता येतो. आमच्या गायनाच्या गुरुजींनी डोळे मिटून दोन्ही ऐकले व तीनशेच्या गंधाराशी मान डोलाविली.

यंदा मंडळाकडे पैसे आहेत आणि डीएसीची मागणी पुन्हा आली आहे. ती पुढील सत्रापर्यंत थांबवावी व तोवर प्रत्येक गटाने एक पिन, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर एवढ्यावर तंबोऱ्याच्या चार तारा वाजवून दाखवाव्यात, अशी आमची सूचना आहे. स्पीकर थोडे कमी पडतात. ज्यांच्या घरी माळ्यावर बंद पडलेला ट्रान्झिस्टर रेडिओ असेल, त्यांनी वडील मंडळींस विचारून तो शनिवारी प्रयोगशाळेत आणावा. आतला स्पीकर बहुधा शाबूत असतो.