न्यूट्रॉनची शिरगणती

सूर्याच्या पोटातली भट्टी पृथ्वीवर पेटवायचा खटाटोप चालला आहे, हे तुम्ही ऐकलं असेलच. इंग्लंडमधल्या कल्हॅम इथे १९८३ ते २०२३ अशी चाळीस वर्षं 'जेट' नावाचं यंत्र हेच करत होतं. ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड भाऊ कोट्यवधी अंश तापवले, की एकमेकांत मिसळतात. हेलियम तयार होतो आणि एक न्यूट्रॉन सुसाट बाहेर पळतो. मिळालेल्या ऊर्जेचे पाचातले चार हिस्से हा पठ्ठ्याच घेऊन जातो!

म्हणजे ऊर्जा किती मिळाली हे सांगायचं, तर न्यूट्रॉन मोजायला हवेत. पण त्यांच्यावर विद्युतभारच नाही, मग ते सापडणार कसे? त्यासाठी युरेनियमचा पातळ थर दिलेला डिटेक्टर ठेवतात. न्यूट्रॉनने युरेनियमचा अणू फोडला, की विद्युतभारित तुकडे उडतात आणि नोंद होते.

खरी मेख पुढेच आहे. डिटेक्टर यंत्राच्या बाहेर, मध्ये जाड भिंती आणि तांब्याची वेटोळी. न्यूट्रॉन कॅरमच्या सोंगटीसारखे आपटत, वळत येतात. कित्येक वाटेतच अडकतात. मग बाहेर शंभर नोंदले गेले, तर आत जन्मले किती?

इथे कॉम्प्युटर धावून येतो. तो लुटुपुटूचे न्यूट्रॉन सोडतो आणि प्रत्येक टकरीला जणू फासा टाकतो. वळला? अडकला? निसटला? असे लाखो प्रवास झाले, की उत्तर मिळतं. डिटेक्टर कुठे ठेवायचा, त्याभोवती काय गुंडाळायचं, हेही बांधण्याआधीच ठरवता येतं. ही युक्ती स्टॅनिस्लाव उलम यांना १९४६ मध्ये, आजारपणात पत्ते खेळताना सुचली, बरं का! तिचं नाव 'माँटे कार्लो'.

पण कॉम्प्युटरवर डोळे झाकून विश्वास? छे! २०१३ मध्ये यंत्राच्या हाताने जेटच्या पोटात कॅलिफोर्नियम फिरवलं. त्यातून किती न्यूट्रॉन निघतात हे आधीच ठाऊक होतं, म्हणून नोंदी ताडून पाहता आल्या. अशी पडताळणी केली होती, म्हणूनच २०२३ मधला ६९ मेगाज्यूलचा विक्रम ठामपणे सांगता आला.

करून पाहा: कागदावर चौकोन काढा. त्यात चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ काढा. डोळे मिटून ज्वारीचे दाणे टाका. चौकोनात पडलेल्या दर शंभरांत साधारण ७८ वर्तुळात सापडतील. दहाच दाणे टाकले, तर उत्तर भलतंच येऊ शकतं. कॉम्प्युटर लाखो न्यूट्रॉन का सोडतो, ते आता कळलं ना?