एनसीआरच्या प्रवाशाने दाद कुठे मागायची?



अर्थसंकल्पी अधिवेशनात बहुतेक मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्या 'गिलोटिन' लावून, चर्चेविना, एकगठ्ठा मंजूर होतात. 2017 पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही उरलेला नाही. त्यामुळे वाहतुकीच्या प्रश्नांवर संसदेत बोलायची संधी कमी होते. दिल्लीच्या आसपासच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात (एनसीआर) राहणाऱ्यांना याची झळ अधिक बसते, कारण आमचे गाऱ्हाणे मांडायला संसदेखेरीज दुसरे सभागृहच नाही.

कल्याण, पनवेल किंवा विरारच्या चाकरमान्याचा प्रश्न मुंबईच्या विधानभवनात मांडता येतो. सगळा मुलूख एकाच राज्यातला. नोएडात राहून दिल्लीत कामाला जाणाऱ्याचा आमदार बसतो लखनौला, गुरुग्रामकराचा चंडीगडला. दिल्लीची विधानसभा त्या दोघांनाही परकी. या सर्वांचे प्रतिनिधी समोरासमोर येतात ते संसदेतच.

नोएडातली सेक्टर 51 आणि 52 ही स्थानके पाहा. जानेवारी 2019 मध्ये नोएडा मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन सुरू झाली, मार्चमध्ये दिल्ली मेट्रोची ब्लू लाइन तिथवर आली. अंतर जेमतेम तीनशे मीटर. पण कंपन्या दोन, म्हणून स्थानके जोडायची राहून गेली. वर्षानुवर्षे प्रवासी एकीकडचे जिने उतरून, पायी किंवा ई-रिक्षाने दुसरीकडे जात राहिले. तिथे पुन्हा बॅग तपासा, पुन्हा तिकीट काढा. मे महिन्याच्या उन्हात कडेवर मूल आणि हातात सामान असलेल्या बाईला विचारा, तीनशे मीटर म्हणजे किती! आराखडा कागदावर असतानाच कुणी भर सभागृहात मंत्र्यांना हे विचारायला हवे होते.

शहरी वाहतूक हा राज्यांचा विषय, संसदेने त्यात पडू नये, असे सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. दिल्ली मेट्रोत निम्मे भागभांडवल केंद्राचे आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा 1985 साली संसदेनेच केला आणि मंडळाचे अध्यक्षपदही केंद्रीय मंत्र्यांकडेच असते. मग जाब संसदेत नाही तर कुठे विचारायचा?

आपल्या गावच्या स्थानकावर गाडी थांबावी म्हणून खासदार भांडतात, ते योग्यच आहे. पण बस, मेट्रो, नमो भारत जलद गाड्या आणि रेल्वे यांना मिळून एक तिकीट असावे, वेळा जुळाव्यात, ही मागणी एका मतदारसंघाची नाही, म्हणून तिला वालीच नाही. लोकसभेत नियम 193 खाली वर्षातून एकदा तरी यावर चर्चा व्हावी आणि ती मुंबई-ठाण्याच्या खासदारांनी मागावी. लोकलच्या गर्दीतले हाल त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

– एक मराठी वाचक, नोएडा