लियाँची वर्गणी

फ्रान्समधील लियाँ येथें असलेल्या इंटरपोलच्या कचेरीस भारतानें वर्गणी कशास द्यावी, असें कित्येक सुशिक्षित गृहस्थ आम्हांस विचारितात. त्यांनीं जळगांव आठवावें. 2013 सालीं तेथील एका कारखान्यांत महसूल गुप्तचर संचालनालयानें हजार किलोंहून अधिक केटामीन पकडलें. एवढी नशा काय खानदेशांत खपणार होती? तिची मोठी पेठ पूर्व आशियांत! धुळें जिल्ह्यांत शिरपूरकडे गांजाचीं शेतें उपटलीं कीं छायाचित्रें झळकतात. हातीं लागतो तो बहुधा राखणदार. केटामीनच्या व्यवहारांतहि तेवढ्यावरच समाधान मानावयाचें काय? 2025 च्या जानेवारींत 'भारतपोल' उघडून जिल्ह्याची विनंती दिल्लीस लौकर पोंचण्याची सोय झाली, हें ठीकच. पण पुढें ती देशोदेशीं नेणारी लियाँची कचेरी सभासद राष्ट्रांच्या वर्गणीविना चालावी कशी?