आर्डेनचे वन

वनात गेले की सारी दुःखे संपतात, असे पुष्कळांना वाटते. शेक्सपिअरने सुमारे १५९९ मध्ये लिहिलेल्या 'अ‍ॅज यू लाइक इट' या सुखान्त नाटकात राजवाड्यातून हद्दपार झालेली माणसे आर्डेनच्या वनात राहतात. पण तेथेही थंडी बोचते; मेंढरे राखतो कोरिन, लोकर मात्र मालकाची!

ऑर्लँडो रोझलिंडवरील प्रेमाची कवने झाडांवर टांगतो. पुरुषवेषात वावरणारी रोझलिंड त्या कवनांची थट्टाच करते. पुढे आपल्या जिवावर उठलेल्या भावाला वाचविण्यासाठी तो सिंहिणीशी झुंजतो. त्याच्या रक्ताने माखलेला रुमाल पाहताच तीच रोझलिंड मूर्च्छित पडते. मला वाटते, खरे प्रेम कवनांत नव्हे, तर अशा कृतीत प्रकट होते. वनामुळे माणूस थोर होत नाही. माणसाच्या थोरवीनेच वनाला गोडी येते.