बांधावरचा तरवड राहू द्या

नवरात्रात घटाला माळ घालायची म्हटली की आपल्याला तरवड आठवतो. एरवी वर्षभर मात्र त्याच्याकडे कुणी बघत नाही. बांध कोरताना जेसीबीच्या दाताखाली तो जातो, रस्ता रुंद होताना जातो, उरलासुरला उन्हाळ्यात बांध पेटवल्यावर करपतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, या झुडपाला मोडू नका, एवढंच मागणं आहे.

मुरमाड माळ असो, कोरडा ओघळ असो, जिथं दुसरं काही तग धरत नाही तिथं तरवड पुरुषभर वाढतो आणि भर दुष्काळातही पिवळाधमक फुलतो. त्याची पानं जनावरं सहसा खात नाहीत, त्यामुळं राखण करावी लागत नाही. मुळं खोल जातात आणि बांधाची माती धरून ठेवतात. सालीत टॅनिन भरपूर, म्हणून कातडी कमावणाऱ्या कारागिरांनी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. शेजारच्या तेलंगणानं तर त्याच्या फुलाला राज्यफुलाचा मान दिला आहे. तिथल्या बतुकम्मा सणात ही फुलं लागतातच.

या फुलात मध नसतो, नुसते परागकण. तेही परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. मोठे काळे भुंगे फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हाच ते झडतात. सकाळी झुडपाजवळ थांबलात तर ती घरघर ऐकू येते. काही पांढरट-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या याच्या पानांवर वाढतात. पानं कुरतडलेली दिसली म्हणून लगेच फवारणी करू नका, झुडूप पुन्हा पालवतं.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. तरवड शेंगवर्गातला असला तरी हरभऱ्यासारख्या नत्राच्या गाठी त्याच्या मुळांवर येत नाहीत. खताची बचत होईल या आशेनं तो लावू नका. आणि फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची रीत जुनी असली, तरी त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कुणीही बंद करू नयेत.

माळेसाठी फुलं खुडा, फांद्या ओरबाडू नका, आणि निम्मी फुलं झाडावरच राहू द्या. त्यांच्याच चपट्या शेंगा पुढं वाळून तपकिरी होतात. त्या गोळा करून बी कोरड्या डब्यात ठेवा. बियांचं कवच टणक असतं. पेरायच्या आदल्या रात्री त्यांवर कडक गरम पाणी ओता आणि तसंच भिजू द्या. पहिला चांगला पाऊस झाला की बांधावर दोन-दोन हातांवर तीन-चार बिया टाकून वर पातळ माती ओढा. पहिल्या वर्षी भोवतीचं गवत तेवढं काढा. शाळेचं कुंपण, स्मशानभूमीची कड, पाझर तलावाचा उतार, गावात अशा जागा पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीला विचारून तिथंही पेरा.