विद्या कोणाच्या सेवेला?

१८८० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने द्राक्षशेती व मद्यनिर्मितीचे शिक्षण राज्य विद्यापीठाकडे कायद्याने सोपविले. आज डेव्हिस येथील या विभागाचे पदवीधर वाइन कारखान्यांत मानाच्या जागी बसतात. यंत्राने द्राक्षे तोडण्याचे संशोधनही याच विद्यापीठाने केले. ती हातांनी तोडणारा मजूर मात्र वर्गाबाहेरच राहिला! १९६५ साली डेलॅनोच्या मळ्यांतील फिलिपिनो व मेक्सिकन मजुरांनी संप पुकारला. बहुतेक मळेवाल्यांनी करारावर सही करण्यास १९७० साल उजाडले. पैसा जनतेचा आणि विद्या मालकाच्या सेवेला, हा कुठला न्याय? नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वाइनचे अभ्यासक्रम चालविणाऱ्यांनी पहिला धडा वेलीखाली राबणाऱ्यांच्या मजुरीचा ठेवावा. तो नसेल तर ते शिक्षण नव्हे, मालकांसाठी केलेली नोकरभरती होय.